आकडा उतरला, म्हणजे बाळे वाचली का?

बालमृत्यू घटले अशी बातमी वाचली की आपल्याला बरे वाटते. पण तो आकडा कसा निघतो हे ठाऊक असले, तर बातमीचा खरा अर्थ कळतो.

हजार जिवंत जन्मांमागे वर्ष पुरे होण्याआधी किती बाळे दगावली, तो अर्भकमृत्यू दर. २०२० साली तो देशाचा २८, तर महाराष्ट्राचा १६ होता. हे आकडे नमुना पाहणीतले आहेत. गावाचा, तालुक्याचा हिशेब मात्र नोंदवहीवर चालतो आणि गळती होते ती तिथेच.

समजा, बाळ घरी जन्मले, क्षीण रडले आणि तासाभरात गेले. घरचे म्हणतात, 'मेलेलेच जन्मले.' तशीच नोंद झाली, किंवा झालीच नाही, तर ते बाळ ना जिवंत जन्मात धरले जाते, ना बालमृत्यूत. बाळंतीण माहेरी आलेली असली तर माहेरच्यांना वाटते नोंद सासरी होईल, सासरच्यांना वाटते माहेरी झाली असेल.

द्वारका भागात सुरगाणा-पेठकडून मजुरीसाठी आलेल्या बाया माझ्याकडे तपासायला येतात. 'मुले किती?' असे विचारले तर हयात मुलेच सांगतात. म्हणून मी विचारतो, 'दिवस किती वेळा गेले? प्रत्येक वेळी बाळ रडले होते का?' मग गेलेली बाळे हिशेबात येतात.

हेच काम गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगाव केले. राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून प्रत्यक्ष मोजणी केली आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल मांडला. सरकारी नोंदीपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत, हे त्यातून पुढे आले. सरकारने पुढे बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. अभय बंगच होते.

असा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. क्यूबाचा अर्भकमृत्यू दर अनेक वर्षे अमेरिकेपेक्षाही कमी सांगितला जात होता. २००७ साली 'सिको' या अमेरिकी चित्रपटात तिथली चकचकीत रुग्णालये दिसली, तेव्हा देश सोडून गेलेले क्यूबन म्हणाले, 'सामान्यांची रुग्णालये ही नव्हेत. तिथे चादरही घरून न्यावी लागते.' पोटातच दगावलेल्या बाळांचे प्रमाण तिथे जन्मानंतर लगेच गेलेल्या बाळांच्या मानाने फार मोठे दिसते, यावरही अभ्यासकांनी बोट ठेवले. तरी क्यूबाचे यश खोटे ठरत नाही. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण थोपवणारा पहिला देश म्हणून २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

मोजून काय साधते? बाळे कोणत्या दिवशी आणि कशाने जातात ते कळते. त्यावरून 'सर्च'ने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

तेव्हा वाचकहो, जन्मल्यावर बाळाने एकदा जरी श्वास घेतला, ते रडले वा हलले, तर ते जिवंत जन्मलेले बाळ होय. दुर्दैवाने ते गेले तर जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद करा. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथल्याच आणि मृत्यूची ते जिथे गेले तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत होते. २१ दिवसांच्या आत त्यासाठी पैसे पडत नाहीत. गेलेले बाळ परत येत नाही, पण त्याची नोंद झाली तर शेजारच्या घरातले पुढचे बाळ वाचवता येते.