बाहुलीचं घराणं

बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी ओळखलं जातं ते किल्ल्यामुळे आणि चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे. मंदिराच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. अशा शिल्पांचं नाक झिजलं, ओठ तुटले, तरी जाणकार अडत नाही. तो अंबाडा बघतो, कमरपट्टा बघतो, निऱ्या कशा सोडल्या आहेत ते बघतो आणि काळ सांगतो. चेहऱ्यापेक्षा कपडा जास्त बोलतो.

हेच दर भाद्रपदात या भागातल्या घराघरांत दिसतं. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. मुखवटे पितळी असोत की मातीचे, बाजारातून आणले तर शेजारणीच्या आणि आपल्या महालक्ष्मीत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो पुढे. कुणाकडे पत्र्याच्या कोठीवर उभ्या, कुणाकडे धान्याच्या राशीवर, तर कुणाकडे नुसत्या खड्यांच्या. आधी ज्येष्ठेला नेसवायचं की कनिष्ठेला, लेकरं डावीकडे की उजवीकडे, सोळा भाज्यांत काय चालतं, आंबील कधी दाखवायची, हे प्रत्येक घराचं वेगळं. नवी सून पहिल्या वर्षी नुसती टाचण्या हातात देत उभी असते. ‘आपल्यात असं नसतं’ हे वाक्य त्या दिवशी किमान चारदा ऐकू येतं, आणि त्यातला ‘आपल्यात’ हाच तिचा सासरच्या घराण्याशी झालेला खरा परिचय असतो.

बाहुली नेसवता नेसवता घराणं सांगायची ही रीत आपलीच आहे असं समजायचं कारण नाही. चीनमध्ये तिचं एक विलक्षण रूप घडलं, तेही घर हरवलेल्या मुलींच्या हातून. शांघायमध्ये १९०१ साली मिशनरी बायकांनी ‘डोअर ऑफ होप’ नावाची संस्था काढली. विकल्या गेलेल्या, कुंटणखान्यातून सुटलेल्या मुलींना तिथे आसरा मिळे. पोट भरायला शिवणकाम हवं, म्हणून बाहुल्या सुरू झाल्या. डोकी निंगबोकडचे कारागीर नासपतीच्या लाकडातून कोरत. लाकडाचा पिवळसर रंग तसाच ठेवून फक्त केस, डोळे आणि ओठ रंगवत. अंग कापडी, आत भरण, आणि वरचे कपडे मुलींनी हाताने शिवलेले.

या बाहुल्या आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, पण मला त्यांची मोहिनी वाटते ती आतल्या कपड्यांसाठी. वरचा रेशमी अंगरखा काढला की खाली आणखी कपडे, अगदी खऱ्या माणसाचे असतात तसे. कापडाची बारीक पट्टी दुमडून, तिची गाठ मारून केलेली बटणं, आणि ती चक्क लागतात, निघतात. अंगरख्याचा डावा पदर उजव्यावर येतो आणि बंद उजव्या कुशीत बसतो, कारण उलटं बांधणं मृताच्या वस्त्राचं. वधू लाल कपड्यात, सुतकातला माणूस फिक्या जाड्याभरड्या कापडात, शेतकरी त्याच्या वेषात, दाई पाठीशी पोर बांधलेली. म्हणजे अख्खं गाव. ज्यांना स्वतःचं लग्न, सासर, म्हातारपण कसं येईल याची शाश्वती नव्हती, त्या मुली लग्नाचा अंगरखा बिनचूक शिवत होत्या. गिऱ्हाईक मात्र बहुतेक परदेशी.

याला समांतर, बिनमिशनरी असं घरगुती कामही चीनमध्ये होतंच. वूशीजवळच्या हुइशानची मातीची गुबगुबीत मुलं प्रसिद्ध आहेत. उत्तरेकडे आया-आज्या तान्ह्या पोरासाठी वाघाच्या तोंडाची टोपी आणि बूट शिवतात, वाईटाने वाघाला घाबरावं म्हणून. आपल्याकडे काजळाची तीट लावतात ती ह्याच काळजीने.

महाराष्ट्रातली चिनी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही. महाबळेश्वरला १८३४ ते १८६४ या काळात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्यांनी तिथे भाजीपाला लावला, वेताच्या टोपल्या विणल्या. ‘चायनामन’ धबधब्याचं नाव त्यांच्याच मळ्यांवरून आलं. पुढे मुंबईच्या गोदीत कँटनकडचे खलाशी आणि सुतार आले. माझगावात डॉकयार्डजवळ त्यांचं सी यूप कून मंदिर १९१९ पासून उभं आहे. लाल-सोनेरी गाभाऱ्यात ग्वान गोंग हा योद्धा देव. मंदिराचं नावच ग्वांगदोंग प्रांतातल्या चार परगण्यांच्या मूळ गावकऱ्यांचं आहे. आपण कुळ, कुलदैवत, मूळ गाव विचारतो, तसंच ते.

१९६२ च्या युद्धाने हे सगळं उधळलं. देशभरातल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत (वर्ध्याची देवळी नव्हे) नेऊन ठेवलं. अनेकांचा जन्म इथला, बोली इथली, तरी ते संशयित ठरले. सुटल्यावर पुष्कळ जण देश सोडून गेले. वस्ती विरली, आणि आज कॅनडात वाढणाऱ्या नातवाला आजीच्या कपड्यांतून आपलं मूळ शोधावं लागतं. गंमत अशी, की चिनी माणूस आपल्या गल्लीतून गेला आणि ‘चायनीज’ची गाडी आली. अंबाजोगाईतही मिळणाऱ्या मंचुरियनचं श्रेय सहसा कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना, १९७५ च्या मुंबईतल्या स्वयंपाकघराला दिलं जातं. मंचुरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

उलट दिशेचं घर सोलापूरचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्यांनी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा: एका अक्षरात भारत, दुसऱ्यात चीन. त्याच डिसेंबरच्या ९ तारखेला डॉक्टर गेले, वय अवघं ३२. मुलगाही पंचविशीच्या आसपास, १९६७ मध्ये वारला. ग्वो चिंगलान मात्र पुढे भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटत राहिल्या; त्या २०१२ मध्ये निवर्तल्या. सोलापुरात डॉक्टरांच्या घरी स्मारक आहे. कोटणीसांवर चित्रपट निघाला, पुतळे झाले, पण त्या घरातल्या दोन संस्कृतींना एका अंगावर नेसवणारी बाहुली कुणी केली असेल तर ती माझ्या पाहण्यात नाही. करण्यासारखी मात्र नक्की आहे.

करायला फार लागत नाही. मांजरपाटाचं धड, सरकी काढलेला कापूस, केसांना काळी लोकर. आजी इरकल नेसत असेल तर जुन्या लुगड्याचा काठ आणि खणाची चोळी. चिनी असेल तर उभी कॉलर आणि उजव्या कुशीतला बंद. नाकडोळे जमले नाहीत तरी बिघडत नाही. निऱ्या किती, पदर कुठून, कुंकू आडवं की गोल, हे मात्र घरातल्या म्हातारीला विचारूनच करा. आणि पोट शिवून टाकण्याआधी आत एक चिठ्ठी घाला: कुणी शिवली, कोणासाठी, मूळ गाव कुठलं, साल कोणतं. डोअर ऑफ होपच्या मुलींच्या बाहुल्या जगभर गेल्या, शिवणाऱ्यांची नावं तेवढी गेली नाहीत.