तबकडीत न मावलेलं गाणं

पुणे आकाशवाणीचं नाव निघालं की ‘गीतरामायण’ आठवतं आणि सगळं श्रेय ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांना देऊन आपण मोकळे होतो. प्रतिभा त्यांचीच, यात वाद नाही. पण तिला घाट दिला तो या केंद्राच्या स्टुडिओने. त्या काळी गाणं निघायचं ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर, आणि तिच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. भावगीत दोन-तीन कडव्यांत आटोपायचं, त्यामागे ही मर्यादाही होती. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राला तबकड्या विकायच्या नव्हत्या. केंद्रातल्या सीताकांत लाडांनी माडगूळकरांकडून दर आठवड्याला एक गीत मागितलं, आणि मग प्रसंग पुरता उलगडेपर्यंत कडव्यामागून कडवी लिहिता आली. गीतांची संख्यासुद्धा पंचांगातून आली. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला आरंभ झाला, सांगता पुढच्या रामनवमीला. मध्ये अधिक भाद्रपद आला आणि ठरलेल्या ५२ गीतांची ५६ झाली. भागाभागाने कथा ऐकण्याचा हा क्रम गावोगावच्या श्रोत्यांना परका नव्हता. ‘रामविजया’ची पोथी श्रोत्यांपुढे अशीच अध्यायाअध्यायाने पुढे सरकते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके अशा वेगवेगळ्या गळ्यांतून ही कथा घरोघरी गेली. असा वर्षभराचा, एवढ्या कलावंतांचा खर्च विक्रीवर जगणाऱ्या कंपनीने तेव्हा पेलला असता, असं मला वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, लोकप्रियता तर फडक्यांच्या रंगमंचावरील कार्यक्रमांनी आणि पुढच्या ध्वनिमुद्रिकांनी दिली. खरं आहे, पण त्यांनी पसरवली ती आधी घडलेली कृती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले; अशा सरकारी हट्टाचं कौतुक कशाला? हट्टाचं करूच नये. श्रोत्याची आवड हुकमाने बदलत नाही. मात्र रिकाम्या झालेल्या वेळेत सुगम संगीत नव्याने घडवण्याची जबाबदारी केंद्रांवर आली, आणि पुण्याने ती निभावली. धोरण चुकलं, म्हणून त्या स्टुडिओतलं काम उणं ठरत नाही. १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवर परतली. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ‘गीतरामायण’ पुस्तकरूपात काढलं.