सहलीचा कॅमेरा आणि मेगापिक्सेलचा हिशेब

दिवाळीची सुटी लागली की चिमूरच्या घराघरांत पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी उतरतात, आणि उतरली की एक पहाट ताडोब्यासाठी राखून ठेवावी लागते. कोलारा प्रवेशद्वार आमच्याच तालुक्यात असल्याने यजमानपणाचा तो भाग आम्हांस चुकवता येत नाही. सफारीत मोबाइल वापरण्यास मनाई आहे. कॅमेरा मात्र नेता येतो. त्यामुळे एरवी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलेले कॅमेरे या दिवसांत खाली निघतात, त्यांच्या बॅटऱ्या चार्ज होतात, आणि ज्यांच्याकडे कॅमेरा नाही ते नवा घेण्याचा विचार करू लागतात. यंदा माझ्या पुतण्याने दुकानातूनच फोन करून विचारले, “काका, वीस मेगापिक्सेलचा घेऊ की चोवीसचा? चार हजारांचा फरक आहे.”

बँकेत छत्तीस वर्षे आकडे तपासण्यात गेली असल्याने आकड्यांचा प्रश्न आला की मला राहवत नाही. मी त्याला म्हटले, “आधी सांग, त्या फोटोंचे तू करणार काय?” यावर तो गप्प झाला. बहुतेकांचे असेच होते. माल कोणत्या गिऱ्हाइकासाठी घ्यावयाचा हे ठरवल्याशिवाय आपण दुकानात एक पोतेही उतरवून घेत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र खोक्यावरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजतो.

हिशेब तसा सोपा आहे. डिजिटल छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. त्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. हातात धरून पाहावयाचा फोटो उत्तम दिसण्यासाठी कागदावर इंचाला सुमारे ३०० ठिपके लागतात. अल्बममधील नेहमीच्या ४ × ६ इंची फोटोसाठी १२०० × १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार पिक्सेल पुरतात. सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत! ८ × १० इंचासाठी ७२ लाख लागतात. भिंतीवर लावावयाच्या १२ × १८ इंची फोटोसाठी हाच दर धरला तर आकडा १ कोटी ९४ लाखांवर जातो. परंतु भिंतीवरचा फोटो आपण चार-पाच हात दुरून पाहतो, म्हणून तेथे इंचाला दीडशे ठिपके असले तरी नजरेला उणीव जाणवत नाही, आणि मग सुमारे ४९ लाखांत काम भागते. दूरदर्शन संचाचेही असेच. साध्या फुल एचडी पडद्यावर २१ लाखांच्या आतच ठिपके असतात, नव्या फोर-के पडद्यावर ८३ लाख. त्याहून अधिक पिक्सेलचा फोटो त्या पडद्यावर दाखवला तर जास्तीचे ठिपके गाळूनच दाखवले जातात.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणून फोटो लांबी-रुंदीने दुप्पट छापता येत नाही. क्षेत्रफळाचा मामला असल्याने दोन्ही बाजू दुप्पट करावयाच्या तर पिक्सेल चौपट लागतात. वीस आणि चोवीस यांत बाजूचा फरक शेकडा दहाच्याही आत आहे. पुतण्याचे चार हजार तेथेच वाचले.

मग कमी मेगापिक्सेलवर भागवावे काय? येथे मला माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला. आईची फार वर्षांची इच्छा होती. तिला घेऊन आम्ही सहकुटुंब गेलो. त्यापूर्वी नुकताच मी पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला होता. त्यात १२८ एमबीचे कार्ड होते. पूर्ण रिझोल्यूशनवर त्यात साठ-एक फोटो मावत, आणि सर्वांत खालच्या, म्हणजे ६४० × ४८० च्या मापावर आठशेच्या वर. दुसरे कार्ड तेव्हा महाग होते. काटकसरी माणसाने जे करावे तेच मी केले. निघण्यापूर्वीच कॅमेरा सर्वांत खालच्या मापावर लावला आणि चार दिवसांत पाचशेहून अधिक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळेच झकास दिसत होते.

२०११ मध्ये आई गेली. तिचा मोठा फोटो बैठकीत लावावा म्हणून शोध सुरू झाला, तेव्हा घरातील सर्वांनी एकमताने एकच निवडला. धर्मशाळेच्या पायरीवर ती बसली आहे, हातात तांब्या आहे, आणि कोणाच्या तरी बोलण्यावर मनापासून हसते आहे. स्टुडिओत १२ × १८ इंची छापावयास दिला, तर इंचाला पस्तीसच ठिपके आले. आईचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा झाला होता. कॅमेरा पाच मेगापिक्सेलवर ठेवला असता तर इंचाला १४४ ठिपके मिळाले असते आणि तोच फोटो भिंतीवर सुरेख दिसला असता. म्हणजे कॅमेरा पुरेसा होता, कमी पडली ती माझी सेटिंग. एका कार्डाची किंमत मी वाचवली होती.

दोन वर्षांपूर्वी नातवाने सांगितले की, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे सॉफ्टवेअर असे फोटो नव्यासारखे करून देते. करून पाहिले. फोटो खरोखर मोठा झाला, पातळाचे काठ रेखीव झाले, तांब्या चकाकू लागला. मात्र कपाळावरचे गोंदण नाहीसे झाले, गालाच्या सुरकुत्या गेल्या, आणि तेथे कोणी एक प्रसन्न वृद्धा बसलेली दिसू लागली. धाकट्या बहिणीने पाहून एवढेच म्हटले, “दादा, ही आई नाही.” जी माहिती फोटोत टिपलीच गेली नाही ती सॉफ्टवेअर कोठून आणणार? ते अंदाजाने रिकाम्या जागा भरते. खातेपुस्तकात कोणी अशा अंदाजाने रकमा भरल्या असत्या तर आम्ही त्याला काय म्हटले असते, हे वाचकांस सांगावयास नको.

म्हणून कॅमेरा बारा मेगापिक्सेलचा असो वा चोवीसचा, तो नेहमी त्याच्या पूर्ण मापावर आणि उत्तम प्रतीच्या जेपेग फाइलवर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. लहान प्रत मोठ्या प्रतीतून केव्हाही काढता येते. उलट मार्ग नाही. कार्डे आता स्वस्त आहेत. बारा मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण चार-पाच एमबीचा धरला तरी ३२ जीबीच्या कार्डात सहा हजारांच्या वर फोटो मावतात.

आता मोठ्या आकड्याचा उपयोग कधी होतो तेही सांगितले पाहिजे. ताडोब्यात वाघ दिसलाच तर तो आपल्या सोयीच्या अंतरावर बसत नाही. दूरचा वाघ फोटोत इवलासा येतो आणि मग मधला भाग कापून घ्यावा लागतो. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला चौथा हिस्सा घेतला तरी सहा मेगापिक्सेल उरतात आणि ८ × १० चा फोटो निघतो. बारातून तीनच उरतात, ते अल्बमपुरते. तथापि कापून मोठे करण्यापेक्षा भिंगाने जवळ आणणे केव्हाही श्रेयस्कर. कॅमेऱ्यावर ‘ऑप्टिकल झूम’ किती हे पाहावे. ‘डिजिटल झूम’ म्हणजे नुसती कापाकापीच आहे.

पहाटेचा अंधूक उजेड, मंदिरातील समईचा प्रकाश, भद्रावतीच्या विजासन लेण्यांचा काळोख, अशा ठिकाणी मेगापिक्सेल फारसे कामी येत नाहीत. तेथे उपयोगी पडतो सेन्सरचा आकार. खिशात मावणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटर असतो, तर भिंग बदलता येणाऱ्या सर्वसाधारण कॅमेऱ्याचा ३६५ च्या आसपास, म्हणजे तेरा पट. लहान वाटीत वीस दाणे कोंबा की पन्नास, वाटी तेवढीच राहते. प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखी खरखर दिसते. पन्नास मेगापिक्सेलचे मोबाइलदेखील एरवी चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, त्याचे एक कारण हेच. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तेव्हा त्याचे चित्र अवघ्या दहा हजार पिक्सेलचे होते आणि ते कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. तेथून आपण कोठे आलो आहोत हे पाहिले की थोडे समाधान मानण्यास हरकत नसावी.

फोटो काढून झाल्यावर तो व्हॉट्सअॅपच्या गटात टाकला म्हणजे जपून ठेवला, हा समज मात्र घातक आहे. तेथे फोटो लहान करून पाठवला जातो. २०२३ पासून ‘एचडी’चा पर्याय आला आहे, तरीही मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. गूगल फोटोजमध्ये जागा वाचवण्याचा पर्याय निवडला असेल तर सोळा मेगापिक्सेलहून मोठा फोटो सोळावर आणला जातो, हेही ध्यानात असावे. मूळ प्रती घरच्या संगणकात आणि शिवाय एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, व ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी. तिजोरीच्या दोन किल्ल्या एकाच खिशात आपण ठेवत नाही.

पुतण्याने शेवटी वीसचाच घेतला, आणि वाचलेल्या पैशांत एक जादा बॅटरी व दोन कार्डे. निघण्याच्या आदल्या रात्री त्याने कॅमेरा माझ्याकडे आणला. मी आधी सेटिंग पाहिली. ती पूर्ण मापावर होती.

आईचा फोटो आम्ही अखेर मूळ स्वरूपातच, तीन इंचांचा छापून घेतला. चौकट मात्र १२ × १८ चीच ठेवली. मध्ये तो एवढासा फोटो आणि भोवती पांढरा जाड पुठ्ठा. बैठकीत येणारी माणसे तो पाहण्यासाठी उठून जवळ जातात.