मुरूम : घाई नको, हयगयही नको

मुरूम म्हटला की शेतकऱ्याला आधी आठवतो तो रस्त्यावर अंथरायचा मुरूम. आज आम्ही लिहिणार आहोत ते दुसऱ्या मुरमांविषयी, म्हणजे तरुण मुलामुलींच्या तोंडावर, छातीवर आणि पाठीवर उठणाऱ्या पुटकुळ्यांविषयी. पुस्तकी भाषेत यांनाच तारुण्यपीटिका म्हणतात. विषय किरकोळ वाटेल. पण सुगी संपून लग्नसराई जवळ आली की घरोघरी याच पुटकुळ्यांची चिंता सुरू होते आणि घाईघाईने औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणली जाते. त्या ट्यूबने होणारे नुकसान पुष्कळदा मूळ मुरमांहून मोठे असते. म्हणून हा लेखप्रपंच.

हे होते कसे?

आपल्या कातडीत केसांच्या मुळांशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. हे तेल छिद्रावाटे बाहेर येऊन कातडी मऊ ठेवते. मुले वयात येऊ लागली की त्यांच्या शरीरात अँड्रोजन नावाची संप्रेरके वाढतात. ती मुलांत असतात तशी मुलींतही असतात. त्यामुळे या ग्रंथी जास्त तेल करू लागतात. त्याच वेळी मेलेल्या कातडीचा कोंडा छिद्राच्या तोंडाशी चिकटून बूच बसते. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की मागे पाणी तुंबते, तसाच हा प्रकार. तुंबलेल्या तेलात कातडीवरचेच नेहमीचे जंतू वाढतात, सूज येते, पू धरतो.

काही पुटकुळ्यांचे टोक काळे दिसते. तो मळ नव्हे. छिद्र उघडे राहून आतल्या द्रव्याला हवा लागली की ते काळे पडते. म्हणून साबणाने दिवसातून दहा वेळा तोंड घासल्याने ते जात नाही, उलट कातडी सोलवटते. दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर सौम्य साबणाने धुणे पुरेसे आहे.

बारा ते चोवीस या वयातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना थोडेफार मुरूम येतातच. आईवडिलांना आले असतील तर मुलांना येण्याचा संभव अधिक.

दोष कोणाचा?

'मनात वाईट विचार, म्हणून तोंडावर मुरूम' असे वाढत्या मुलांना कित्येक घरांत ऐकवले जाते. यात काडीचेही तथ्य नाही, हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. मुरूम हे पापाचे चिन्ह नव्हे आणि अस्वच्छतेचेही नव्हे. 'लग्न झाले की आपोआप जातील' हेही खरे नाही. आधीच संकोचलेल्या मुलाला अशा बोलण्याने आणखी खाली मान घालावी लागते. काही मुले फोटोला उभी राहत नाहीत, कार्यक्रमांना यायचे टाळतात. घरच्यांनी थट्टा थांबवली तरी निम्मे दुःख हलके होईल.

मात्र काही गोष्टींनी मुरूम वाढतात, त्या ओळखाव्यात. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर उतरले की तेथे बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. ट्रॅक्टरचे किंवा पंपाचे ऑइल-ग्रीस लागलेले कपडे दिवसभर अंगावर राहिले तर मांड्या आणि हातांवर पुळ्या येतात. असे कपडे लगेच बदलावेत. फवारणी पंपाचे पट्टे घामेजल्या पाठीवर घासत राहिले तरी खांद्यांवर मुरूम वाढतात. आत जाड सुती सदरा घालावा आणि काम संपताच अंघोळ करावी. गोड पदार्थ, मैद्याचे खाणे आणि थंड पेये यांचा अतिरेक काहींना बाधतो, तो कमी करून पाहावा.

काही औषधांनीही अशा पुटकुळ्या येतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, फिट्सवरील काही गोळ्या आणि स्टिरॉइड ही त्यांतली प्रमुख. पण म्हणून क्षयाची किंवा फिट्सची गोळी आपल्या मनाने कदापि बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे.

ज्या मुलींची पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येत आहेत आणि मुरूमही हटत नाहीत, त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. हा पीसीओडीचा त्रास असू शकतो.

दुकानातली ट्यूब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शेजारीण सांगते, दुकानदार देतो आणि मुलगी तोंडाला लावते. चार दिवसांत पुटकुळ्या बसतात, रंगही उजळल्यासारखा वाटतो. घरचे खूश होतात. ही किमया बहुधा त्या ट्यूबमधल्या स्टिरॉइडची असते. ट्यूबवरची अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर ती तोंडावरच्या मुरमांना लावायची नव्हे. खाज-खरुजेवर म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि रंग उजळवणाऱ्या मिश्रणांतही ती सापडतात.

काही आठवडे लावत राहिल्यावर तोंडाची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस वाढतात, उन्हात गेले की आग होते आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त उठतात. ट्यूब बंद केली की तोंड लालबुंद होऊन पेटते. मग घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावली जाते आणि तिची सवय लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी मलमे विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले. तरीही ती मिळतात. म्हणून राखण आपणच केली पाहिजे. महिनोन्‌महिने लावत असाल तर आपल्या मनाने लावत राहू नका आणि एकदम तोडूही नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

टूथपेस्ट, चुना, लिंबाचा रस आणि बिब्बा हे प्रकारही तोंडापासून दूर ठेवावेत. बिब्ब्याने कातडी भाजून कायमचा डाग पडतो. पुटकुळी नखाने फोडणे म्हणजे खड्ड्याला आमंत्रण.

उपचार कोणता?

साध्या मुरमांवर डॉक्टर बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीनचे मलम देतात. पहिले जंतू मारते, दुसरे बूच मोकळे करते. अ‍ॅडापलीन रात्री लावायचे, तेही सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढे. नुसत्या पुटकुळीवर टिपके देऊन उपयोग नाही. सुरुवातीला कातडी थोडी कोरडी पडते, सोलते. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून जुना टॉवेल वापरावा.

पू धरलेल्या, सुजलेल्या मुरमांवर डॉक्सिसायक्लीनसारख्या गोळ्या देतात. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. ती चालू असता ऊन लवकर भाजते. शेतात जाणाऱ्यांनी रुंद टोपी किंवा पदर घ्यावा. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे आपण जाणतो. जंतूंचेही तसेच आहे. म्हणून या गोळ्या एकट्या देत नाहीत, सोबत मलम देतात आणि साधारणतः तीन महिन्यांच्या आत थांबवतात.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पेरलेले बी दुसऱ्या दिवशी उकरून पाहणाऱ्याला पीक मिळत नाही. पुष्कळ जण पंधरा दिवसांत कंटाळून औषध सोडतात आणि पुन्हा ट्यूबकडे वळतात.

लग्न ठरलेल्या मुलींसाठी

गाठीगाठींच्या, खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला १९८२ साली मान्यता मिळाली. ती फार गुणकारी आहे, पण गर्भावस्थेत ती पोटात गेल्यास बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. म्हणून गोळी चालू असता आणि बंद केल्यावर पुढे एक महिनाभर गर्भ राहता कामा नये. लग्नाआधी तोंड स्वच्छ व्हावे म्हणून ही गोळी सुरू करताना मुलीने किंवा आईने संकोच न करता डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगितली पाहिजे. गोळी लग्नाच्या निदान एक महिना आधी संपेल असा हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. तो जमत नसेल तर दुसरा उपाय विचारावा. विवाहितेनेही दिवस गेले आहेत का याची तपासणी केल्याशिवाय ती सुरू करू नये. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. गरोदरपणी अ‍ॅडापलीन आणि डॉक्सिसायक्लीनही टाळायची असतात.

खड्डे आणि डाग

मुरूम गेल्यावर राहिलेले काळसर डाग बहुधा काही महिन्यांत फिके होतात, मात्र ऊन टाळले पाहिजे. खड्डे आपोआप भरत नाहीत. त्यांवर सुयांच्या रुळाने कातडी टोचणे, लेसर, खड्ड्याखालचे ताणलेले धागे सुईने मोकळे करणे असे उपचार त्वचारोगतज्ज्ञ करतात. सौम्य आम्ल लावून वरचा थर सोलण्याची पद्धत डागांना आणि वरवरच्या खुणांना उपयोगी पडते. या कामाला अनेक बैठका लागतात, खर्च होतो आणि खड्डे पूर्ण सपाट होतीलच असे नाही. नवे मुरूम थांबल्यावरच ते करावे. ही कामे शिकलेल्या डॉक्टरांचीच, ब्यूटी पार्लरची नव्हेत.

यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. खड्डे बुजवण्यापेक्षा ते पडू न देणे स्वस्त आणि सोपे. मुरूम दुखरे, गाठीचे असतील किंवा एखादा जरी खड्डा पडू लागला असेल तर 'वयाचा भाग आहे' म्हणून थांबू नये. गोव्यातील वाचकांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आणि बेळगावकडच्यांना बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवता येईल. जाताना एक करा : आजवर तोंडाला लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्या. त्या पाहिल्या की डॉक्टरांचे अर्धे काम होते.