कचेरीतला शेरा आणि ॲट्रॉसिटीची फिर्याद

एक इंग्रजी शब्द आपल्या गावांत असा रुळला आहे की, तो आता परका वाटत नाही. पारावर, शाळेच्या ओसरीवर, सगळीकडे ‘ॲट्रॉसिटी’. तलवाड्याच्या बाजारात कुणाला विचारा, एक म्हणेल, “ती लागली की माणूस सुटत नाही.” दुसरा म्हणेल, “छे हो, शिक्षा कुणाला होते?” दोघेही अर्धेच बोलतात.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याचा हा कायदा १९८९ सालचा. अंमल ३० जानेवारी १९९० पासून. त्याचे कलम १८ आरोपीला अटकपूर्व जामीन नाकारते. हे कडक वाटेल, पण कारण गावच्या माणसाला सांगायला नको. फिर्यादी, साक्षीदार आणि आरोपी एकाच वेशीच्या आत राहतात. सकाळी फिर्याद दिली आणि संध्याकाळी आरोपी दारात उभा राहिला, तर साक्ष द्यायला कोण धजेल?

आता कचेरीची गोष्ट. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयात एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरा लिहिला. भांडारपाल अनुसूचित जातीचे, शेरा लिहिणारे तसे नव्हते. ४ जानेवारी २००६ रोजी फिर्याद झाली. अधिकाऱ्यांवर खटला भरण्यासाठी पोलिसांनी परवानगी मागितली, ती २०११ साली तंत्रशिक्षण संचालकांनी नाकारली. पुढे २०१६ साली, ‘परवानगी नाकारण्याचा यांना अधिकारच नव्हता’ म्हणून खुद्द संचालकांवरच फिर्याद झाली! मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करायला नकार दिला. प्रकरण दिल्लीला गेले, आणि २० मार्च २०१८ रोजी ‘सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संचालकांविरुद्धची कारवाई रद्द केली. नोकरीच्या ओघात घेतलेला निर्णय चुकीचा असू शकेल, पण तेवढ्याने तो जातीय अत्याचार होत नाही, हे त्यातले सार.

इथवर कुणाची फारशी तक्रार नसती. पण न्यायालय पुढे गेले. सरकारी नोकराला अटक करण्यापूर्वी नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, असे दंडक सगळ्या देशाला घालून दिले. त्यावर २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला, माणसे दगावली. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून हे दंडक दूर केले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही ते मागे घेतले. खोटी फिर्याद माणसाच्या स्वभावातून येते, जातीतून नव्हे, ही त्यांची भूमिका मला पटते. फेब्रुवारी २०२० मध्ये कलम १८-अ वैध ठरले. मात्र फिर्यादीवरून सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी आहे, असेही त्या वेळी स्पष्ट झाले.

शिक्षकमंडळींनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. खटला रद्द झाला म्हणजे फिर्यादी खोटारडा ठरला, असे नाही. आपल्या पोलिसांच्या दप्तरी ‘बी समरी’ आणि ‘सी समरी’ असे दोन निरनिराळे अहवाल असतात. ‘बी’ म्हणजे जाणूनबुजून केलेली खोटी फिर्याद. ‘सी’ म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. कराडच्या मूळ प्रकरणात पोलिसांनी ‘सी’ समरीच दाखल केली होती, आणि तीही खालच्या न्यायालयाने मान्य केली नव्हती. खैरलांजीचे पाहा. २००६ साली एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, ती खरीच. आरोपींना शिक्षाही झाली. पण न्यायालयांनी हा कायदा तिथे लागू धरला नाही.

तामिळनाडूतले एक प्रकरण कचेरीशी नाते सांगणारे आहे. महसूल निरीक्षकाला त्याच्या खोलीत जातिवाचक शिवीगाळ झाल्याची फिर्याद होती. सहकारी आले ते नंतर. ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण हा गुन्हा ‘लोकांच्या नजरेसमोर’ घडावा लागतो. खोली बंद असेल तर कायद्याचे हात आखडतात, आणि अपमान गिळणाऱ्याला हे जाचक वाटणारच.

समजा, आपल्याच भागात मुख्याध्यापकाने शिपायाची रजा नामंजूर केली. शेजारच्या शिपायाचीही केली असेल, तर तो नोकरीचा वाद. वरिष्ठांकडे अपील करावे. पण चारचौघांत जात काढून नामंजूर केली, तर गोष्ट निराळी. मग तारीख, वेळ, नेमके शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावे त्याच दिवशी कागदावर उतरवावीत. फिर्याद पोलीस ठाण्यात द्यावी. तपास साधारणपणे पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी करतो आणि नियमानुसार तो साठ दिवसांत पुरा व्हायचा असतो. मुख्याध्यापकानेही रजेच्या अर्जावर नकाराचे कारण लिहून ठेवावे. दोन ओळी पुरतात, पण लिहिणारे थोडे.