जिवाचा कान

आपल्या बोलीत 'जिवाचा कान करून ऐकणे' असे म्हणतात. मेंदूच्या अभ्यासकांना जे दिसले, ते या शब्दांच्या फार जवळचे आहे.

डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. लग्नाच्या मांडवात सनई, भांडी, शंभर जणांच्या गप्पा, सारे एकदम कानात शिरते. तरी शेजारच्याचे बोलणे आपल्याला कळते. ही निवड करतो कोण?

ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ साली माणसांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवली आणि एकच भाषण मागोमाग म्हणायला सांगितले. दुसऱ्या कानात पुरुषाऐवजी बाई बोलू लागली, तर ते कळे. इंग्रजी जाऊन जर्मन आली, तरी पत्ता लागत नसे.

१९७३ साली स्टीव्हन हिलयार्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. लक्ष ज्या कानाकडे, तिथल्या स्वराला मेंदूचा प्रतिसाद मोठा होता, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. २००३ मध्ये अमेरिकेत, मेरिलँड विद्यापीठात, फेरेट या मुंगसासारख्या लांबट प्राण्यावर प्रयोग झाले. विशिष्ट स्वर ओळखायचे काम सुरू होताच काही मिनिटांत मेंदूतल्या पेशी त्या स्वराला अधिक जागरूक झाल्या. जणू वादकाने तारा नव्याने जुळवल्या. पुढे २०१२ साली मेसगरानी आणि चँग यांनी अपस्माराच्या रुग्णांना दोघांचे बोलणे एकत्र ऐकवले. त्यांच्या मेंदूतल्या नोंदींत, लक्ष ज्याच्याकडे होते त्याचेच बोलणे प्रामुख्याने उमटले होते.

म्हणजे कान आवाज आणतो, ऐकतो तो मेंदू.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण बोल लावतो, 'एकटे असताना सगळे ऐकू येते, चारचौघांत मात्र कानाडोळा करतात.' तो कानाडोळा नसतो. वयोमानाने आतल्या कानाकडून येणारे संकेत पुसट होतात. मग एकमेकांत मिसळलेले आवाज वेगळे काढणे मेंदूला जड जाते. श्रवणयंत्राने मदत होते, पण गोंगाटातून बोलणे निवडण्याचे कष्ट पुरते संपत नाहीत. म्हणून ओरडू नये. टीव्ही बंद करावा, समोर बसावे, आधी हाक मारावी आणि मग सावकाश बोलावे. जिवाचा कान त्यांनी करायचा. त्यासाठी थोडी शांतता आपण द्यायची.