मूल कुणाकडे ठेवायचं?

एकट्या आईच्या रोजगाराचा विषय निघाला की बोलणं शिलाई मशीन, प्रशिक्षण आणि बचत गटाचं कर्ज इथवर येऊन थांबतं. तिची खरी अडचण त्याआधीच सुरू झालेली असते: लहान मूल किती वाजेपर्यंत कुणाकडे राहील?

शहरात धुण्या-भांड्यांची, पोळ्यांची कामं सकाळी सातलाच सुरू होतात. कारखान्यातली पाळी आठ तासांची. अंगणवाडी भरते दिवसातले मोजके तास, तीही तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार मिळतो. दिवसभराचा सांभाळ नाही. विधवेचं किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईचं सासर बहुधा तुटलेलं असतं. जवळ आई असली तर निभावतं. नसली तर घरालगतचं, अर्धवेळ आणि कमी पैशांचं काम ती पत्करते. शिक्षण असलं तरी.

पाळणाघराचा विचार कायद्याने केलाच नाही असं नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर ती जबाबदारी टाकली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. पण चार घरी काम करणारीचा मालक कोण आणि आस्थापना कुठली? २००५च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका मजूर बाईला नेमून तिला मजुरी देण्याची सोय होती. सांभाळणं हेही काम आहे, हे त्यात मान्य केलं होतं.

दुसरी अडचण मदतीच्या अटीतच आहे. संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५०. दोन घरची भांडी नियमित घासली तरी ही रेघ ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे बेभरवशाच्या नोकरीसाठी हमखास रक्कम धोक्यात घालायची का, हा तिचा हिशेब आळशीपणाचा नसतो. परित्यक्तेला तर आधी आपण एकट्या आहोत हेच कागदावर सिद्ध करावं लागतं.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे, तीही सहा महिन्यांच्या बाळापासून. दिशा बरोबर आहे. पण पाळणाघराची वेळ वस्तीतल्या बायकांच्या कामाच्या वेळेवरून ठरायला हवी, आणि कमाई वाढताच मदत एकदम तुटण्याऐवजी हळूहळू कमी व्हायला हवी. प्रशिक्षणाचा पैसा त्यानंतरच कामी येईल.